‘पुरेसा पाऊस’ म्हणजे किती? फझी लॉजिकची तोंडओळख

विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वॉशिंग मशीन आठवलं असेल. साहजिक आहे. ‘फझी लॉजिक’ हे शब्द आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा वाचले ते मशीनच्या नाहीतर राइस कुकरच्या खोक्यावर. त्या मशीनकडे मी येणार आहे, पण नंतर, आणि थोडाच वेळ. सुरुवात आपण शेतात करू या.

जून महिना आहे. मृगाचा पाऊस पडून गेलाय. पेरू की थांबू, हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यात आहे. लवकर पेरलं आणि पावसाने ओढ दिली तर बियाणं जळतं, दुबार पेरणी करावी लागते, म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. उशीर केला तर पिकाचे दिवस कमी पडतात. यावर कृषी तज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला तुम्ही रेडिओवर ऐकला असेल: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत वाफसा आल्याशिवाय पेरणीची घाई करू नका.

सल्ला उत्तमच आहे. पण आता हा सल्ला कॉम्प्युटरला सांगायचा झाला तर? आपण लिहू: पाऊस ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. म्हणजे ७४ मिलिमीटरला ‘अजिबात पेरू नका’ आणि ७५ ला ‘बिनधास्त पेरा’. पर्जन्यमापकात एक मिलिमीटर इकडे किंवा तिकडे, आणि उत्तर पूर्ण उलटं. ज्याने हा सल्ला दिला त्याच्या मनात असं काही नव्हतं. त्याने ‘७५ ते १००’ असा पट्टा सांगितला, तो काही उगाच नाही.

आणि वाफशाचं काय? पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, औत चालेल आणि बी रुजेल अशी झाली की वाफसा आला म्हणतात. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, आणि हलकेच टाकला तर फुटावा. हे ज्ञान खरं आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं आहे, त्यावर लाखो हेक्टर पेरले जातात. पण त्याला काठ नाहीत. वाफसा कोणत्या क्षणी आला, हे कुणी सांगू शकत नाही. काठ नसलेलं ज्ञान तर्काच्या चौकटीत बसवायचं कसं, हा आजचा विषय.

शाळेत आपण संच शिकलो. सम संख्यांचा संच, इंग्रजी स्वरांचा संच. एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते. ४ आहे, ५ नाही. गणित या पायावर उभं आहे आणि भक्कम उभं आहे. पण ‘उंच माणसांचा संच’ असं म्हटलं की तुमच्या गणिताच्या बाई म्हणायच्या, हा सुस्पष्ट नाही, म्हणून हा संचच नाही. संपला विषय!

लोत्फी झादे या माणसाने नेमका इथे विषय सुरू केला. जन्म १९२१, बाकू शहरात, म्हणजे आजच्या अझरबैजानमध्ये. पुढे कुटुंब इराणला गेलं, शिक्षण तेहरानला, मग अमेरिका. माणूस विद्युत अभियंता, कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला प्राध्यापक. नियंत्रण प्रणालींच्या कडक गणितात नाव कमावलेलं. १९६५ मध्ये त्यांचा ‘फझी सेट्स’ हा निबंध आला. त्यातली उदाहरणं अगदी साधी आहेत: उंच माणसं, १ पेक्षा खूप मोठ्या संख्या, आणि तारामासा किंवा जिवाणू यांना प्राणी म्हणायचं का. झाद्यांचं म्हणणं असं की संचात ‘आहे’ म्हणजे १ आणि ‘नाही’ म्हणजे ०, एवढ्या दोनच जागा कशाला ठेवायच्या? ० ते १ मधली कोणतीही संख्या चालू द्या. तिला सदस्यत्वाची मात्रा म्हणू. ‘फझी’ म्हणजे कडा पुसट असलेला. विचार पुसट नव्हे, हे लक्षात ठेवा. मात्रा कशी ठरते, तिची बेरीज-वजाबाकी कशी होते, हे गणित अगदी काटेकोर आहे.

अर्थात झादे आकाशातून पडले नाहीत. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० मध्येच खरं आणि खोटं यांच्यामध्ये तिसरी जागा करून दिली होती. मॅक्स ब्लॅक यांनी १९३७ मध्ये संदिग्धतेवर लिहिलं होतं. झाद्यांनी ते अभियंत्याच्या हातात दिलं.

चला, फळ्यावर येऊ. (आलेख काढतात.) आडव्या रेषेवर पाऊस, उभ्या रेषेवर ‘पुरेसा पाऊस’ या कल्पनेची मात्रा. ५० मिलिमीटरपर्यंत ०. १०० च्या पुढे १. मध्ये सरळ चढण. ७४ ला मात्रा येते ०.४८, ७५ ला ०.५०. एक मिलिमीटरचा फरक आता एक मिलिमीटरएवढाच दिसतो. ८० ला? ८० वजा ५० म्हणजे ३०, भागिले ५०, म्हणजे ०.६.

वाफशाचा आलेख मात्र असा चढत जाणार नाही. तो डोंगरासारखा: कोरड्या मातीला ०, ओल वाढत गेली की वर, आणि आणखी वाढली की पुन्हा खाली, कारण चिखलात पाभर चालत नाही. समजा आज मूठ दाबून पाहिली आणि वाफसा ०.७ ठरला.

आता नियम. एक: पाऊस पुरेसा असेल आणि वाफसा असेल, तर पेरा. दोन: पाऊस पुरेसा नसेल किंवा वाफसा नसेल, तर थांबा. झाद्यांची रीत अशी की ‘आणि’ आला की दोन्ही मात्रांतली लहान घ्यायची, ‘किंवा’ आला की मोठी, आणि ‘नाही’ आलं की १ मधून वजा करायचं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी, तसा हा ‘आणि’.

पहिला नियम: ०.६ आणि ०.७, लहान ०.६. दुसरा नियम: पुरेसा नाही ०.४, वाफसा नाही ०.३, मोठी ०.४. दोन्ही नियम एकाच वेळी लागू झाले! जुन्या तर्कात हे चालत नाही, तिथे एकच नियम लागतो. इथे दोघांचं ऐकायचं, पण ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. पहिला म्हणतो सगळं रान पेरा, म्हणजे १०० टक्के. दुसरा म्हणतो ० टक्के. वजनी सरासरी: ०.६ गुणिले १००, अधिक ०.४ गुणिले ०, भागिले ०.६ अधिक ०.४. उत्तर ६० टक्के. दहा एकरांतले सहा पेरा, चार ठेवा. खरं तर अनुभवी शेतकरी नाहीतरी हेच करतो: आधी भारी जमिनीचा तुकडा, उरलेला पुढच्या पावसावर. ५० आणि १०० हे आलेखाचे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, ते घेऊन कुणी पेरणीला जाऊ नका. (हशा)

जाता जाता, ०.६ आणि ०.४ ची बेरीज बरोबर १ आली तो योगायोग नव्हता. दुसरा नियम हा पहिल्याचाच नकार आहे. ‘आणि’चा नकार केला की ‘किंवा’ होतो, हा डी मॉर्गनचा नियम इथेही टिकतो. आणि हे ऑगस्टस डी मॉर्गन जन्माने आपल्या मदुराईचे, १८०६ साली.

आता जिथे शिकलेली माणसंही घसरतात तिथे येऊ. वेधशाळा म्हणते, पुढच्या आठवड्यात पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के. हे ०.७, आणि वाफशाचं ०.७. आकडा एक, अर्थ पूर्ण वेगळे. आठवडा सरला की पाऊस पडलेला असेल किंवा नसेल, ते ०.७ संपलं, त्याचं १ झालं किंवा ० झालं. वाफसा मात्र मी आत्ता, हातात माती धरून, सगळी माहिती असताना ०.७ म्हणतोय. कितीही थांबलो, कितीही मोजलं, तरी या मातीबद्दल तो ०.७ च राहणार. पहिल्या ठिकाणी माहिती अपुरी आहे, ती अनिश्चितता. दुसऱ्या ठिकाणी शब्दालाच काठ नाही, ती संदिग्धता. माझ्या मते हा एक फरक घरी नेलात तरी आजचं व्याख्यान वसूल.

कारण दोन्हींचं गणित वेगळं आहे. पाऊस पडण्याची शक्यता ०.५, न पडण्याची ०.५. ‘पडेल आणि पडणार नाही’ याची शक्यता किती? शून्य. झाद्यांचा ‘आणि’ लावलात तर ०.५ येईल, आणि ते साफ चूक. ‘वाफसा आहे आणि नाही’ याला मात्र ०.५ मिळालं तर त्यात काही खटकत नाही. शेतकरी तसं बोलतोही: आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

मग अनिश्चिततेचं काय करायचं? त्यासाठी संभाव्यता आहे, तीच वापरा. समजा पेरल्यावर पाऊस आला नाही तर दुबार पेरणीचा फटका एकरी ८,००० रुपये, आणि पाऊस येणार असूनही आठवडाभर थांबलो तर उत्पन्नातली घट ३,००० रुपये. पेरलं तर अपेक्षित नुकसान ०.३ गुणिले ८,०००, म्हणजे २,४००. थांबलं तर ०.७ गुणिले ३,०००, म्हणजे २,१००. पावसाची शक्यता ७० टक्के असूनही थांबणं किंचित स्वस्त! हेही आकडे उदाहरणापुरते. पण बघा, शेत पेरणीला तयार आहे का, हा एक प्रश्न आणि आभाळावर पैज लावावी का, हा दुसरा. पहिल्याला फझी लॉजिक, दुसऱ्याला संभाव्यता. दोन्ही एका भांड्यात घोटायचे नाहीत.

घोटल्याची उदाहरणं आहेत. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला ‘मायसिन’ नावाची वैद्यकीय सल्ल्याची प्रणाली झाली, रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी. तिच्यात प्रत्येक नियमाला उणे १ ते १ मधला खात्रीचा आकडा दिला होता, आणि ‘आणि’साठी लहान आकडा घ्यायचा. निदान हा मुळात अनिश्चिततेचा प्रश्न. जंतू आहे किंवा नाही. मायसिन कामाची ठरली, पण त्या आकड्यांचा नेमका अर्थ काय यावर नंतर बराच वाद झाला, आणि निदानाच्या क्षेत्राने पुढे संभाव्यतेचा रस्ता धरला. मला तो रस्ता बरोबर वाटतो.

आता एक जुनं कोडं. ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीजच्या नावावर ते सांगतात. खळ्यावर ज्वारीची रास आहे. एक दाणा काढला, तरी रासच. पुन्हा एक काढला, तरी रासच. असं करत शेवटी एक दाणा उरतो, आणि तर्काने तीही रासच! फसवणूक कुठे झाली? फझी उत्तर असं: ‘एक दाणा काढला तरी रास’ हे वाक्य पूर्ण खरं नाही, समजा ०.९९९ खरं आहे. एकदा वापरलं तर काही कळत नाही. हजारदा वापरलं की तो हजारावा भाग हजार वेळा गळतो, आणि सत्यता शून्यावर येते. पण थांबा. झाद्यांचा ‘लहान आकडा घ्या’ हा ‘आणि’ लावलात तर हजार पायऱ्यांनंतरही ०.९९९ च राहतं, कोडं सुटत नाही. गळती मोजणारा ‘आणि’ वुकाशेविचचा: दोन आकडे मिळवा, १ वजा करा, उणे आलं तर शून्य धरा. म्हणजे फझी लॉजिक ही एक वस्तू नाही, ‘आणि’ अनेक प्रकारचे आहेत, आणि कामाप्रमाणे निवडावा लागतो. खोक्यावर हे छापत नाहीत.

झाद्यांनी १९७३ मध्ये भाषेतल्या शब्दांकडे मोर्चा वळवला. ‘उंच’ कळलं, ‘खूप उंच’चं काय? त्यांनी सुचवलं, मात्रेचा वर्ग करा. ‘बऱ्यापैकी’ असेल तर वर्गमूळ. पुरेसा ०.६ असेल तर ‘अगदी पुरेसा’ ०.३६. मराठीला हे शिकवायलाच नको. लाल, लालसर, लालभडक. काळा, काळपट, काळाकुट्ट. ओला, ओलसर, ओलाचिंब. आंबट, आंबूस, आंबटढाण. नुसत्या प्रत्ययावर आपण मात्रा वरखाली करतो! आणि म्हणूनच मला तो वर्गाचा नियम फारसा पटत नाही. ज्याची मात्रा १ आहे त्याचा वर्ग १ च. म्हणजे जे पूर्ण लाल ते आपोआप पूर्ण लालभडक. पण पिकलेला टोमॅटो पूर्ण लाल आहे, लालभडक नाही. भाषा आलेखाला वाकवत नाही, बाजूला सरकवते.

हे सगळं कागदावरच राहिलं असतं. ते यंत्रात आणलं लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमधल्या इब्राहिम ममदानी यांनी. जन्म टांझानियाचा, शिक्षण भारतात झालेलं. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी प्रयोगशाळेतल्या छोट्या वाफेच्या इंजिनाला नियंत्रण बसवलं, तेही समीकरणं न मांडता. चालवणारा माणूस काय करतो ते शब्दांत लिहिलं: दाब बराच कमी आहे आणि फारसा बदलत नाहीये, तर उष्णता बरीच वाढव. १९७५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे डेन्मार्कच्या एका कंपनीने सिमेंटच्या भट्टीला हे लावलं. भट्टी चालवणाऱ्या कामगारांचं ज्ञान असंच असतं, ज्वाळेचा रंग कसा दिसतो वगैरे.

सगळ्यात गाजली ती जपानमधल्या सेंदाई शहराची नांबोकू मेट्रो. जुलै १९८७ मध्ये सुरू झाली, नियंत्रण हिताचीचं. गाडी फलाटावर नेमकी थांबली पाहिजे, उभ्या प्रवाशाला धक्का बसता कामा नये, आणि वीजही वाया जाऊ नये. तिन्ही एकमेकांच्या विरोधात ओढतात. तिथलं नियंत्रण ब्रेक लावण्याआधी अंदाज घेतं: इतका ब्रेक लावला तर थांबणं कितपत अचूक, प्रवास कितपत सुखाचा? ज्या पर्यायाला चांगली मात्रा मिळेल तो निवडायचा. मग १९९० च्या आसपास जपानी वॉशिंग मशीन आली. पाण्यातून प्रकाश सोडायचा, पाणी किती गढूळ झालं ते बघायचं, आणि ‘मळ बराच, कपडे थोडे’ अशा नियमांनी धुण्याची वेळ ठरवायची. झालं तुमचं मशीन.

अमेरिकेत मात्र झाद्यांना बरीच टीका सोसावी लागली. रुडॉल्फ कालमनसारख्या नियंत्रणशास्त्रातल्या मोठ्या माणसाने १९७२ मध्येच त्यांच्यासमोर टीका केली. एक आक्षेप मला आजही गंभीर वाटतो: ही यशस्वी यंत्रं थोड्याच नियमांची आहेत, आकडे हाताने जुळवून घेतलेले आहेत, आणि चूक झाली तर क्षणात सुधारता येते. शेकडो नियमांची लांब साखळी असेल तिथे ही रीत किती टिकेल? तिथे तिचं यश तितकं दिसत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

आता मी परत शेताकडे येतो, कारण संदिग्ध शब्दावर सरळ रेघ मारली की काय होतं ते आपल्याकडे दर वर्षी दिसतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ६३ झाला तर नाही. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव दुष्काळाच्या यादीकडे सरकतं. ५१ ला तसं नाही. आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत. २०१५ पर्यंत हीच अट ५० टक्के होती. ३४ टक्के नुकसानीला हेक्टरी जो दर, तोच ९० टक्क्यांना, आणि ३२ ला काही नाही.

हा ३२ किंवा ३४ कोण ठरवतो? तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर उभे राहून पंचनामा करतात. डोळ्यांचा अंदाज पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच, त्यात त्यांचा दोष नाही. ज्या मोजमापात दहाची चूक सहज होते, त्याच्यावर एकाची धारदार रेघ मारायची, हा नेमकेपणा नव्हे, नेमकेपणाचं सोंग आहे. त्याऐवजी २० टक्क्यांना ० आणि ६० टक्क्यांना १ अशी चढण धरली, तर ३२ ला मदतीच्या ०.३० आणि ३४ ला ०.३५. अंदाज दोनाने चुकला तरी माणूस कड्यावरून पडत नाही.

सरकारची बाजूही ऐकू या. रेघ तपासायला सोपी, कोर्टात टिकते, पैसा आधी मोजता येतो. चढण केली तर भांडण रेघेवरून चढणीच्या आकारावर जाईल, हेही खरं. पण एका रेघेने भागत नाही म्हणून आपण दुसरी मारतो. ६५ ची अट न लागता पिकं कुजली, म्हणून २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मानली. आता ‘सतत’ म्हणजे किती, त्याची रेघ आली!

आणि फझी लॉजिक इथे काय करू शकत नाही तेही सांगतो. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, तुमचं शेत आठ किलोमीटरवर. तुमच्याकडे ढगफुटी, तिकडे शिडकावा. ही संदिग्धता नाही, माहितीच नाही. त्याला आणखी पर्जन्यमापक लागतात.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: आलेखाचे आकडे कुणी ठरवायचे? चांगला प्रश्न आहे. पुष्कळ नोंदी असतील तर संगणकच आलेख जुळवून घेतो. १९९३ मध्ये जांग यांनी न्यूरल नेटवर्क आणि फझी नियम एकत्र करून तशी रीत दिली. नोंदी नसतील तर माणसांना विचारा. वेगवेगळ्या ओलीची मातीची वीस ढेकळं ठेवा, पंचवीस शेतकऱ्यांना एकेक हातात द्या, आणि एवढंच विचारा: हा वाफसा आहे का? प्रत्येक ढेकळाला किती जण ‘हो’ म्हणाले ते मांडा, मातीची ओल वजनकाट्यावर मोजा. आलेख तयार. फक्त काळ्या रानातली आणि मुरमाड रानातली ढेकळं वेगळी ठेवा, कारण त्यांचे डोंगर एका जागी येणार नाहीत.